सोडलेला कागद, सोडलेलं गाव

पडद्यावर एवढं मोठं दिसणारं हे चित्र मुळात हातात मावेल एवढंच आहे. टॉमस मोरन या अमेरिकन चित्रकाराने 1871 साली ते जलरंगात केलं आणि त्यावरच लिहून ठेवलं, की पश्चिमेत काढलेलं हे माझं पहिलं स्केच. आज ते टल्साच्या गिलक्रीज संग्रहालयात आहे. मूळ चित्र मीही पाहिलेलं नाही. तुम्ही पाहता आहात तसंच, प्रतीतूनच पाहिलंय.

जागा वायोमिंगमधली, ग्रीन रिव्हर नदीच्या काठची. आपल्या वऱ्हाडी डोळ्याला खडक म्हटला की काळा. गाविलगडाचा अख्खा डोंगर लाव्हाचा, बेसाल्टचा. हे कडे मात्र सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या एका तळ्याच्या गाळाचे आहेत. म्हणून ते थराथरांचे, पिवळट, मधेच तांबूस. मुलूख कोरडा, हिरवं काय ते नदीच्या कडेने. अशा खडकावरचं ऊन रंगवायचं कसं? पारदर्शक जलरंगात उजेड लावता येत नाही, तो सोडावा लागतो. कागद जिथे कोरा ठेवाल तिथे ऊन पडतं. मोरन इंग्लंडला जाऊन टर्नरची चित्रं उतरवून आला होता, त्यामुळे कुठे हात आवरायचा हे त्याला ठाऊक होतं. मला हे स्केच त्याच्या भल्यामोठ्या तैलचित्रांपेक्षा जास्त आवडतं. त्या तैलचित्रांत थोडं नाटक आहे.

आता अडचण सांगतो. मोरन तिथे आगगाडीने उतरला. 1868 मध्ये युनियन पॅसिफिक रेल्वेबरोबर त्या काठावर गाव वसलं होतं. हॉटेल होतं, शाळा होती, चर्च होतं, दारूची भट्टीसुद्धा होती. पुढे जवळजवळ चाळीस वर्षं तो या कड्यांकडे पुनःपुन्हा वळला, जलरंगात आणि तेलरंगातही. त्या चित्रांत हे गाव नाही, रूळ नाहीत. गंमत बघा, त्या पहिल्या प्रवासासाठी उसने पैसे देणाऱ्यांत जे कुक होता, म्हणजे दुसऱ्या एका रेल्वेचा, नॉर्दर्न पॅसिफिकचा सावकार!

वर्गात मी वर्षानुवर्षं शिकवत आलो, की कलेतलं सत्य म्हणजे वस्तुस्थितीची नक्कल नव्हे. मोरनचंही म्हणणं तेच होतं; जसंच्या तसं उतरवण्याला तो किंमत देत नसे. ठीक. भट्टी वगळली म्हणून मी त्याला खोटारडा म्हणणार नाही. कागद सोडतो तसं गाव सोडलं, असंही म्हणता येईल.

पण तो नुसता वगळून थांबत नाही. गावाच्या जागी तो घोड्यांवरून चाललेला मूलनिवासी लोकांचा तांडा आणतो. ते स्वार इतके लहान, की चेहरा एकालाही नाही. लाल-पांढरे ठिपके, कड्याची उंची कळावी म्हणून ठेवलेले. ज्या 1868 साली गाव वसलं, त्याच साली फोर्ट ब्रिजरच्या तहाने शोशोनी लोकांना विंड रिव्हरचा राखीव मुलूख आखून दिला. म्हणजे ज्यांच्या पायाखालची जमीन आखडत होती, ते चित्रात मोकळे हिंडतात. आणि जमीन आखडवणारी रेल्वे चित्रातून बाहेर. इथे माझा जुना सिद्धांत मला पुरत नाही. वगळणं ही चित्रकाराची मुभा असेल, पण या भरतीला मुभा म्हणावं का?

तुम्ही म्हणाल, सर, वायोमिंगचं आपल्याला काय? चिखलदऱ्याच्या पर्यटनाची पोस्टरं आठवा. दरी, धुकं, आणि कोपऱ्यात ढोलाच्या तालावर नाचणारा एखादा कोरकू. मेळघाटात 1970च्या दशकात व्याघ्र प्रकल्प झाला. पुढे बोरी, कोहा, कुंड ही गावं तिथून उठून खाली अकोटच्या बाजूला आली. वाघ वाचले पाहिजेत, त्यावर माझं दुमत नाही. पण पोस्टरवर नाचणारा माणूस असतो, आणि सामान बांधून घाट उतरणारा नसतो.

यामुळे स्केच वाईट ठरतं का? मला तसं म्हणवत नाही. त्या कड्यावरचं कोरं ऊन अजून मला थांबवतं. फक्त आता मी कड्याकडे पाहून झालं, की नजर खाली नदीकाठाकडे नेतो. तिथे, जरा उजेड कमी करा म्हणजे दिसेल, रंग अगदी पातळ आहे.