भिंतीतला पिंपळ आणि काळी शाई

शहरातल्या 'चिवट' झाडांची शाईने काढलेली चित्रे अलीकडे माझ्या पाहण्यात बरीच येतात. कोणी ती जुन्या वीजबिलावर काढतो, कोणी खोक्याच्या पुठ्ठ्यावर, कोणी काड्यापेटीवर. 'पृष्ठभाग अपारंपरिक आहे', असे त्यांचे कौतुक होते. माझा पहिला आक्षेप या शब्दालाच आहे. अपारंपरिक म्हणजे कोणाच्या परंपरेबाहेरचा? १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात झैनुल आबेदिन यांनी भुकेने मरणारी माणसे काढली ती वेष्टनाच्या स्वस्त कागदावर, कोळशापासून केलेल्या शाईने. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातल्या वारली बायका शेणाने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने झाड काढीत आल्या. ज्यांच्या वाट्याला कॅनव्हास आलाच नाही, त्यांची परंपरा हीच. कॅनव्हास सोडून पुठ्ठ्याकडे येणे आणि पुठ्ठ्यावाचून हाताशी काहीच नसणे, या दोन गोष्टी समीक्षेने एका मापाने मोजू नयेत.

दुसरा आक्षेप 'चिवट' या विशेषणाला. उल्हासनगर पाहा. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकी, फाळणीनंतर त्यांत आलेले सिंधी निर्वासित, आणि पुढे दाटीवाटीने चढलेले मजले. इथल्या भिंतींतून पिंपळ फुटतात. पाखरू फळ खाते, बी विष्ठेतून भेगेत पडते आणि जिथे नळ गळतो तिथे मूळ धरते. त्यात चमत्कार काही नाही. ओल कुठे मुरली आहे, भिंत कुठे पोखरली आहे, हे तो पिंपळ सांगत असतो. २०२१ च्या मे महिन्यात याच शहरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे मेली. झाड रेखून चित्रकार भिंत कोरी सोडतो, तेव्हा नेमकी हीच साक्ष पुसली जाते. आमच्या सोशिकपणाचेही असेच गोडवे गायले गेले आहेत. मग भेग कोणी पाडली, हे विचारावे लागत नाही.

आणि तो पिंपळ तोडतो कोण? पाप लागेल म्हणून मालक स्वतः कोयता धरीत नाही. दोराला लोंबकळायला आमच्या वस्तीतला पोरगा बोलावतो. ज्या झाडाखाली सिद्धार्थाला बोधी प्राप्त झाली, त्याच्यावर घाव घालायला बौद्धाचाच हात! मी पाहिलेल्या एकाही चित्रात हा पोरगा नाही.

तरीही जुन्या लाकडी काड्यापेटीवरचे झाड मला थांबवते. अंबरनाथच्या विम्को कारखान्यात एकेकाळी काड्यापेट्या होत. इथे पृष्ठभाग ही नुसती क्लृप्ती राहत नाही. तोच मुळी कापलेले झाड आहे, आणि पाळीवर जाणारा कामगारही त्यात आहे. असे चित्र मी दोनदा पाहतो.

बदलापुरात जुलै २०१९ मध्ये उल्हास नदी घरांत शिरली होती. पूर ओसरला की काठच्या फांद्यांत चिंध्या नि प्लॅस्टिक अडकून राहते. चित्रकाराने पाने मन लावून काढावीत, पण त्या चिंध्याही काढाव्यात, आणि जमिनीपासूनची त्यांची उंची चुकवू नये.