भरपाईच्या वह्या

ब्रिटनने गुलामगिरी रद्द केली, ही कथा विल्बरफोर्सच्या नावाने सांगितली जाते. १८३३च्या त्या कायद्यात २ कोटी पौंडांची भरपाई होती आणि ती गुलामांना नव्हे, मालकांना मिळाली, हे मात्र तळटिपेत राहिले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील कॅथरीन हॉल, निकोलस ड्रेपर व सहकाऱ्यांनी २००९पासून ही तळटीप मूळ मजकुरात आणली. सरकारच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे ४० टक्के इतकी ती रक्कम. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश २०१५ साली फिटला.

पैसे घ्यायचे तर नाव-गाव सांगावे लागते. त्यामुळे सुमारे ४६ हजार दाव्यांतून मालकवर्गाची जणू जनगणनाच झाली. पंतप्रधान ग्लॅडस्टनचे वडील जॉन यांचे नाव त्यात असणे अपेक्षितच. धक्का बसतो तो विधवा, अविवाहित मावश्या, धर्मोपदेशक यांच्या नावांनी. जमेकातल्या चार-सहा माणसांच्या कष्टावर इंग्लंडमधल्या एखाद्या शांत गल्लीतले घर चाले. दावेदारांत स्त्रियांचे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर आहे. गुलामगिरी म्हणजे दूरच्या मळ्यातला चाबूकवाला, ही सोयीची समजूत इथे मोडते. या संशोधनाचे खरे बळ मला यात वाटते.

पैशाचा पुढचा प्रवास रेल्वे, बँका, चित्रसंग्रह यांपर्यंत दाखवला जातो, तिथे वाचकाने जरा थांबावे. भरपाई घेणाऱ्याने रेल्वेचे समभाग घेतले, एवढ्यावरून रेल्वे त्या पैशावर उभी राहिली असे ठरत नाही. एरिक विल्यम्सने १९४४ साली मांडलेला गुलामगिरी आणि भांडवलशाहीच्या नात्याचा वाद यामुळे मिटत नाही. त्याला माणसांची नावे मिळतात, इतकेच. तेही थोडे नव्हे. (कंपनी सरकारचा हिंदुस्थान या कायद्यातून वगळला होता, इथला कायदा १८४३चा, आणि त्यात भरपाई नव्हती.)

माझी खरी अडचण वेगळीच आहे. वह्या मालकांच्या, म्हणून शोधही मालकांचा. हे हॉल यांनाही ठाऊक आहे, पण जाणीव असल्याने कागद बदलत नाही. मुक्त झालेले सुमारे आठ लाख लोक त्यात वर्गवारीने येतात: मुकादम, कारागीर, शेतमजूर, कनिष्ठ शेतमजूर, सहा वर्षांखालील मुले. शेवटच्या रकान्यात म्हातारे, आजारी, कामास निरुपयोगी. त्यांचीही किंमत लावलेली आहे, मालकाला देण्यासाठी.