सूक्ष्मरचनेचे वाचन : स्किनर यांच्या प्रबंधाचा पुनर्विचार

जालना जिल्ह्यातील विज्ञानाच्या विद्यार्थ्याला प्रयोगद्रव्य शोधीत दूर जावे लागत नाही. पायाखालचा काळा पाषाण, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, लोह व कॅल्शियम यांच्या जोडीने ऑक्सिजन, सिलिकॉन, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि सोडियम या हलक्या मूलद्रव्यांचा बनलेला आहे. त्याच्याच झिजेतून येथील काळी जमीन झाली. या मूलद्रव्यांच्या क्ष-किरण उत्सर्जन वर्णपटातील सूक्ष्मरचनेत, म्हणजे रेषांचे अल्प स्थानांतर, त्यांचा आकार आणि शेजारच्या उपरेषा यांत, अणूच्या परिसराची खूण उमटते. परंतु त्या खुणेवरून काय म्हणण्याचा अधिकार अभ्यासकाला पोचतो, हा प्रश्न मोजमापाहून अवघड आहे. तो नीट समजण्यासाठी एच. डब्ल्यू. बी. स्किनर यांचा, रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये १९४० साली प्रसिद्ध झालेला घन पदार्थांच्या मृदू क्ष-किरणांवरील प्रबंध आजही वाचण्याजोगा आहे.

स्किनर यांनी हलकी मूलद्रव्ये निवडली, यात त्यांची दृष्टी दिसते. जड अणूंच्या आतील पातळ्या अल्पायुषी, म्हणून रुंद असतात, आणि त्या रुंदीत बारीक तपशील बुडून जातो. हलक्या अणूंची आतील पातळी पुष्कळच अरुंद असते व तिच्यातील रिकामी जागा भरण्यास संयुजा पट्टातील इलेक्ट्रॉनच उतरतो. साहजिकच उत्सर्जित प्रारणात त्या पट्टाचा आकार उमटतो. मात्र कार्बनसाठी सुमारे ४५, तर सोडियमसाठी सुमारे ४०० अँग्स्ट्रॉम अशा या तरंगलांबी हवेत शोषल्या जातात. त्यासाठी निर्वात उपकरण व रेखित जाळी लागते. अशा साधनांनी मिळालेल्या पट्टांच्या रुंदी सोडियमसाठी सुमारे ३, मॅग्नेशियमसाठी ७ आणि ॲल्युमिनियमसाठी १२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहेत. मुक्त इलेक्ट्रॉनांच्या साध्या सिद्धांताशी त्या जुळाव्यात, ही लहान गोष्ट नव्हे. पट्टाची वरची कडा तापमानाबरोबर पसरते, हे स्किनर यांनी दाखविले आणि फर्मी यांच्या वितरणाला जणू डोळ्यांना दिसणारा पुरावा दिला.

प्रबंधाची मर्यादाही येथूनच सुरू होते. जोन्स व मॉट यांच्यासह १९३४ साली मांडलेल्या उपपत्तीप्रमाणे स्किनर वर्णपटाकडे एकेका इलेक्ट्रॉनच्या संक्रमणाची बेरीज म्हणून पाहतात. पट्टाचा आकार म्हणजे अवस्थांची घनता आणि संक्रमणाची संभाव्यता यांचा गुणाकार. या मांडणीत पूर्ण न बसणाऱ्या दोन गोष्टी वर्णपटांतच आहेत. पहिली, पट्टाच्या तळाशी रेंगाळणारी शेपटी. तिचा उलगडा लँड्सबर्ग यांनी १९४९ साली केला : पट्टात नव्याने पडलेली रिकामी जागा दुसऱ्या इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेने त्वरित भरते, म्हणून अंतिम अवस्थाच रुंदावते. दुसरी गोष्ट लिथियमची. सोडियमच्या एल-पट्टाची कडा तीक्ष्ण, तर लिथियमच्या के-पट्टाची कडा गोलसर आहे. माहान यांनी १९६७ साली आणि नोझिएर व द दोमिनिसिस यांनी १९६९ साली दाखविले की, आतील रिकामी जागा निर्माण होताना वा नाहीशी होताना धातूतील सर्व इलेक्ट्रॉन एकदम हलतात; त्यामुळे काही कडा टोकदार, तर काही बोथट होतात. पुढे लिथियमच्या गोलाईत जालकाच्या कंपनांचाही मोठा वाटा आहे असे ठरले. म्हणजे एका आकाराला निरनिराळी कारणे असू शकतात, आणि आकार पाहून कारण सांगणे हे अनुमान होय, निरीक्षण नव्हे.

हा धडा धातूंपुरता नाही. सिलिकामधील सिलिकॉनच्या के-बीटा रेषेखाली सुमारे १४ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर जी उपरेषा दिसते, ती शेजारच्या ऑक्सिजनच्या २-एस अवस्थेशी निगडित आहे. तेथे सूक्ष्मरचना शेजाऱ्याचे नाव सांगते. ॲल्युमिनियमची कथा याहून नाजूक आहे. बेसाल्टमधील फेल्डस्पारात ॲल्युमिनियमभोवती चार ऑक्सिजन असतात; काळ्या मातीतील स्मेक्टाइटात बहुधा सहा. हा फरक उत्सर्जन रेषेच्या स्थानांतरावरून ओळखता येतो, असे डे यांनी १९६३ साली मांडले. परंतु हे स्थानांतर इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या अंशाइतकेच असते आणि आपल्या चिमूटभर मातीत दोन्ही प्रकारचे अणू मिसळलेले असतात. मिळणारे मूल्य सरासरी असते. एकाच संख्येवरून ‘बंधाचे स्वरूप’ ठरविणारा निष्कर्ष पुराव्यापुढे धावतो.

महाराष्ट्रात या विषयाची परंपरा आहे. नागपूर विद्यापीठातील सी. मांडे हे यव्हेट कोशुआ यांच्या गौरवार्थ १९८२ साली निघालेल्या क्ष-किरण वर्णपटशास्त्रावरील ग्रंथाचे एक संपादक होते. त्या परंपरेत शिरू पाहणाऱ्याने स्किनर यांच्याकडून मोजमापाची शिस्त घ्यावी, त्यांचे एक-इलेक्ट्रॉनी वाचन मात्र पहिली पायरी म्हणूनच घ्यावे. प्रथम ज्ञात रचनेच्या खनिजांचे वर्णपट त्याच उपकरणावर घ्यावेत, मग मातीचे. आणि निष्कर्षात मोजलेले कोणते व मानलेले कोणते, हे वेगळे लिहावे. एवढे पथ्य पाळल्यास जालन्याच्या काळ्या दगडावरील लहानसा प्रबंधही विश्वासार्ह होईल.