वैद्यकीय इच्छापत्रांतील ‘मी’

न्यायनिर्णय हा वाङ्मयविवेचनाचा विषय होऊं शकतो काय, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. पण ज्या लिखाणांत माणसाच्या जगण्यामरण्याचा निवाडा व्हावयाचा, त्यांत कोण बोलत आहे आणि कोणाच्या वतीनें बोलत आहे, हें पाहणें टीकाकाराचेंच काम होय. अरुणा शानबाग प्रकरणीं ७ मार्च २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दिलेला निर्णय मीं याच दृष्टीनें पुन्हां वाचला.

हकीकत सर्वश्रुत आहे. परळच्या केईएम रुग्णालयांतील ही परिचारिका २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं तेथल्याच एका सफाई कामगाराच्या अत्याचारास बळी पडली. गळा आवळला गेल्यानें मेंदूस इजा झाली, आणि १८ मे २०१५ रोजीं मृत्यु येईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, ती त्याच रुग्णालयांत अंथरुणास खिळून होती. लेखिका पिंकी विराणी यांनीं तिचा अन्नपुरवठा थांबवावा असा अर्ज केला. तिची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयाच्या सेवकवर्गानें त्यास विरोध केला. न्यायालयानें अर्ज फेटाळला, तिच्या वतीनें बोलण्याचा अधिकार या सेवकवर्गाचा मानला, आणि अशा रुग्णांचे उपचार थांबविण्याची वाट मात्र उच्च न्यायालयाच्या संमतीच्या अटीवर मोकळी केली.

या निर्णयाचा आरंभ गालिबच्या एका शेरानें झाला आहे. शेर मरणाच्या प्रतीक्षेचा आहे आणि सुंदर आहे. परंतु तो येथें अस्थानीं आहे, असें मला नम्रपणें म्हणावयाचें आहे. कवीची वेदना त्याची स्वतःची आहे. ‘मी’ म्हणणारा तेथें उभा आहे. अरुणेच्या प्रकरणांत नेमका तोच नाहीं. लेखिका बोलते, परिचारिका बोलतात, वैद्य बोलतात, न्यायमूर्ति बोलतात. दोन्ही पक्ष ममतेनेंच बोलत होते, आणि तरीही त्यांचें म्हणणें परस्परविरुद्ध होतें. आपलें माणूस आपली इच्छा न सांगतां ओळखील, ही आपल्या कुटुंबांची आवडती समजूत किती दुबळी आहे, हें येथें दिसून येतें.

या हरवलेल्या ‘मी’ला कायद्यांत जागा मिळाली ती ९ मार्च २०१८ च्या निर्णयानें. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या अर्जावर घटनापीठानें ठरविलें कीं, सज्ञान माणसानें शुद्धींत असतांना लिहून ठेवावें: बरें होण्याची आशा न उरलेल्या व्याधींत, मला निर्णय घेतां येईनासा झाल्यावर, अमुक उपचार करूं नयेत, आणि माझ्या वतीनें अमुक आप्तानें बोलावें. मात्र त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची स्वाक्षरी लागे. त्यामुळें हा अधिकार बहुतांशीं कागदावरच राहिला. २४ जानेवारी २०२३ रोजीं ही अट गेली. आतां दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. पत्राची प्रत आप्तांस व घरच्या डॉक्टरांस द्यावी, ग्रामपंचायत वा नगरपालिकेच्या अधिकाऱ्याकडे ठेवावी. आणि वेळ आल्यावर दोन वैद्यकीय मंडळांनीं, शक्यतों प्रत्येकीं ४८ तासांत, मत द्यावें.

एवढें झाल्यावरही उणीव राहते, ती मला गेल्या पावसाळ्यांत कुरवंड्यास कळली. नागफणीचा सुळका धुक्यांत बुडाला होता. शेजारचे वृद्ध गृहस्थ मध्यरात्रीं कोसळले, आणि १०८ ची गाडी त्यांना लोणावळ्याकडे घेऊन गेली. तें योग्यच झालें. असें पत्र तातडीच्या उपचारांच्या आड येत नाहीं. प्रश्न उभा राहिला तो चौथ्या दिवशीं, डॉक्टरांनीं आशा सोडल्यावर. एक मुलगा म्हणाला, यंत्र चालूं ठेवा. दुसरा म्हणाला, बाबांचे हाल थांबवा. आपण पत्र लिहून ठेवलें आहे, असें त्यांनीं मला एकदां संध्याकाळीं सांगितलें होतें. पण मी आप्त नव्हतों. दोघां भावांच्या मध्यें बोलण्याचा मला संकोच वाटला. तें पत्र त्यांच्या निधनानंतर कपाटांत सांपडलें. त्यांत सर्व कांहीं स्वच्छ लिहिलेलें होतें.

वाचक नसलेलें लिखाण अपुरेंच असतें, हें मी तीस वर्षें वर्गांत सांगत आलों. त्याचा अर्थ मला तेव्हां उमगला. छापील नमुन्यांतील ‘अनावश्यक उपचार’ यासारखे मोघम शब्द येथें कामाचे नाहींत. कृत्रिम श्वसन, नळीनें अन्न, घरीं परत नेणें, यांविषयीं वेगवेगळें लिहावयास हवें. आणि ज्यांनीं तें अमलांत आणावयाचें, त्यांना तें आधींच वाचून दाखवावयास हवें.

मीं माझें पत्र या महिन्यांत लिहून पत्नीस व मुलीस वाचून दाखविलें. ‘फार त्रास होऊं देऊं नये’ या वाक्याशीं मुलीनें मला थांबविलें. “फार म्हणजे किती, बाबा? तेव्हां तें मला ठरवावें लागेल ना?” तें वाक्य मीं खोडलें आणि पुन्हां लिहिलें. माझ्या लेखनावर इतकी योग्य टीका आजवर कोणी केलेली नाहीं.