घुमट : द्रव्य आणि नाद

नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध व घन असे चार वर्ग केलेले आहेत. त्यानुसार गोमंतकातील घुमट हे वाद्य अवनद्ध ठरते. परंतु एवढ्याने त्याची ओळख पटत नाही. या मातीच्या घटाचे मोठे तोंड चामड्याने मढविलेले आणि लहान तोंड उघडे असते. एका हाताने आघात करावयाचा व दुसऱ्या तळहाताने लहान तोंड झाकीत-उघडीत नादाला वळण द्यावयाचे, हीच त्यातील खरी कला. गणेशोत्सवातील आरतीत शामेळ व कांसाळे यांच्या संगतीने ते घुमते, आणि ख्रिस्ती घरांतील मांडोलाही व्हायोलिनच्या जोडीने ताल देते. त्याला एका धर्माचे वाद्य मानणे म्हणूनच चुकीचे होय.

पूर्वी ते घोरपडीच्या कातड्याने मढवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली घोरपड संरक्षित असल्यामुळे आता बकऱ्याचे कातडे वापरतात. २०१९ साली गोवा शासनाने घुमटाला राज्याचे वारसा-वाद्य घोषित केले, ते या बदलानंतरच. कातड्याबरोबर मूळ नादही गेला, ही जुन्या रसिकांची तक्रार निराधार नाही. प्रस्तुत लेखकाला ती अपुरी मात्र वाटते. नाद जसा कातड्यातून येतो, तसाच घटाच्या पोकळीतून आणि वादकाच्या तळहातातूनही. कातड्याला पर्याय सापडला; घट घडविणाऱ्या कुंभाराला तो कोठून आणावयाचा?