पेटीतली अंगाई

डॅनाए म्हटलं की सोन्याचा पाऊस डोळ्यांपुढे येतो. नातवाच्या हातून मरण येईल, ही देववाणी ऐकून आर्गोसचा राजा अ‍ॅक्रिसिअस लेकीला कोंडून ठेवतो. झ्यूस सुवर्णधारा होऊन तिच्याकडे उतरतो आणि पर्सिअसचा जन्म होतो. टिशियनने तो पाऊस पुन्हा पुन्हा रंगवला. सिमोनिडीस या ग्रीक कवीने (सुमारे इ.स.पू. ५५६–४६८) मात्र त्यानंतरची एक रात्र निवडली. डॅनाएच्या बापाने मायलेकरांना पेटीत घालून समुद्रात सोडलं आहे, वारा सुटला आहे, आणि आई बोलते आहे.

कवितेचा तुकडाच काय तो उरला. हालिकार्नाससच्या डायोनिसिअसने तो आपल्या ग्रंथात गद्यासारखा सलग उतरवून ठेवला. ओळी पाडल्या नाहीत तर छंद कानाला सापडत नाही, हे त्याला दाखवायचं होतं. म्हणून तो तुकडा टिकून राहिला.

भिजल्या गालांनी डॅनाए बाळाभोवती हात टाकते. ब्राँझच्या खिळ्यांनी जडवलेलं लाकूड, काळानिळा अंधार, केसांवरून जाणारी लाट; आणि त्यात जांभळ्या वस्त्रात निजलेला तो गोड चेहरा. बाळाला भीती कळत असती, तर त्याने आपलं बोलणं कान देऊन ऐकलं असतं, असं तिच्या मनात येतं. मला सगळ्यात हलवते ती ही जागा. त्याला काही कळत नाही हे त्याचं सुख आहे, आणि त्याच कारणाने ती पेटीत एकटी पडली आहे. मग ती निजायला सांगते: बाळाला, समुद्राला आणि शेवटी या अफाट संकटालाही. अंगाई कधी प्रार्थना झाली, ते वाचताना लक्षातही येत नाही.

झ्यूसचं नाव येतं ते इथे, इतक्या उशिरा, आणि तेही पिता म्हणून. ग्रीक माणूस एरवीही त्याला पिता म्हणून हाक मारी. पण या पेटीत त्याचा खरोखरचा मुलगा निजलेला आहे. डॅनाए त्या नात्याचा हक्क सांगत नाही. सोन्याच्या पावसाची आठवणही काढत नाही. दैव पालटू दे, एवढंच मागते, आणि मागणं धीट झालं असेल तर क्षमा कर म्हणते.

युरिपिडीसच्या ‘इऑन’ नाटकातली क्रेउसाही अशीच देवापासून आई झालेली; ती मात्र अपोलोचा अन्याय उघडपणे बोलून दाखवते. पण तिच्यावरचा प्रसंग घडून कैक वर्षं लोटली आहेत. डॅनाएची पेटी अजून पाण्यावर आहे, आणि तिला किनारा दाखवू शकणारा झ्यूसच एक आहे.