गाय पान्हा चोरते तेव्हा

हिवाळा सुरू झाला की कृषी प्रदर्शनांचे मांडव पडू लागतात. गेल्या काही वर्षांत या मांडवांत एक नवा कोपरा दिसू लागला आहे. ट्रॅक्टर, ठिबकच्या नळ्या आणि खतांच्या पोत्यांच्या पलीकडे, सुतळीने आखलेल्या चौकोनात ‘मुलांसाठी शेती’ असते. गाईची धार काढा, करडाला पाला खाऊ घाला, कुंडीत बी टोचा, बैलगाडीत बसून एक फेरी मारा. शाळांच्या सहली थेट तिथेच उतरतात. कल्पना चांगली आहे. विज्ञान हातांनी शिकावे असे आपण याच पानांवर किती वेळा म्हटले आहे! म्हणूनच त्या कोपऱ्याकडे जरा कठोरपणे पाहायला हवे.

धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीची काही मुले घेऊन मी अशाच एका प्रदर्शनाला गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण जे पाहिले ते एका ठिकाणचे नव्हते. चौकोनात एक देवणी गाय बांधलेली. समोर चाळीस-पन्नास मुलांची रांग. प्रत्येकाने यायचे, स्टुलावर बसायचे, सड ओढायचे, फोटो काढून घ्यायचा आणि उठायचे. बादलीचा तळ जेमतेम ओला झालेला. व्यवस्थेतला तरुण शहरातून आलेल्या मुलांना सांगत होता, “घाबरू नका, जोरात ओढा.” आमच्या सातवीतली एक मुलगी बराच वेळ गप्प उभी होती. मग हळूच म्हणाली, “सर, ती पान्हा चोरतीय. तिचं वासरू कुठंय? वासराबिगर ती कशाला सोडंल?”

त्या संपूर्ण मांडवात त्या दिवशी बोलले गेलेले सर्वांत शास्त्रीय वाक्य हेच असावे. पण ते नोंदवायला तिथे कुणी नव्हते. मुलीचा नंबर आला, तिनेही सड ओढल्यासारखे केले आणि ती उठली.

‘पान्हा चोरणे’ हा वाक्प्रचार आपल्याला घरातूनच मिळतो. त्यामागची यंत्रणा मात्र पाठ्यपुस्तकात क्वचितच येते. गाईच्या कासेतले बहुतेक दूध, साधारण चार पंचमांश, खालच्या पोकळीत नसतेच. ते वरच्या भागातल्या लक्षावधी सूक्ष्म पिशव्यांत अडकून असते. सड कितीही ओढले तरी ते खाली येत नाही. वासराने ढुशी दिली, सड चोखले की त्वचेतल्या चेतातंतूंमार्फत मेंदूपर्यंत निरोप जातो आणि पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात सुटते. ते रक्तावाटे कासेत पोहोचले की प्रत्येक पिशवीभोवतीच्या बारीक स्नायुपेशी आकसतात आणि दूध खाली ढकलले जाते. याला साधारण मिनिटभर लागते. ऑक्सिटोसिन रक्तात फार वेळ टिकत नाही, काही मिनिटांत त्याचा जोर ओसरतो. म्हणून घरातली अनुभवी बाई धार काढताना मध्ये उठत नाही.

याच्या उलट, गाय बुजली, अनोळखी माणसांनी वेढली गेली, कर्णे वाजू लागले की अ‍ॅड्रिनलीन वाढते. कासेच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि ऑक्सिटोसिनचे काम तिथेच अडते. गाय ‘चोरत’ नसते, तिच्या शरीराला दूध सोडता येत नसते. संकरित गाईंना बादलीच्या आवाजाची, ठरलेल्या वेळेची सवय लागते आणि त्या वासराशिवायही पान्हवतात. आपल्या देशी गाईंना बहुधा वासरू लागते. वासरू मेले तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे ठेवण्याची जुनी रीत याच ज्ञानातून आली. पान्हा सोडवण्यासाठी ऑक्सिटोसिनची सुई टोचण्याचा गैरप्रकारही याच ज्ञानाची दुसरी बाजू आहे. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला अपायकारक अशी टोचणी करणे १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने गुन्हा ठरते.

म्हणजे त्या चौकोनात चेतासंस्था, संप्रेरके, रक्ताभिसरण, वर्तन आणि कायदा एवढे सारे उभे होते आणि मुले शिकली ते इतकेच, की गाईला सड असतात. खरे तर चूकच शिकली. जोरात ओढले की दूध येते, हे ते चुकीचे ज्ञान.

आयोजकांच्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे. एका दिवसात हजारो मुले येतात, हाताशी माणसे चार असतात. ज्या मुलाने कधी जनावराच्या पाठीवर हात ठेवलेला नाही त्याला तो ठेवायला मिळणे ही लहान गोष्ट नाही. पुण्यातली एक आठ वर्षांची मुलगी करडाच्या नाकाचा ओला स्पर्श झाल्यावर दचकली आणि मग हसली, ते मी पाहिले आहे. तो क्षण खोटा नव्हता. माझी तक्रार अशी की या कोपऱ्याची सारी आखणी फक्त त्या एका मुलीसाठी झालेली असते. बेंबळीच्या मुलांचे तिथे काय काम? ज्या गोष्टी ती रोज पहाटे करतात, त्याच त्यांना तिकीट काढून, खेळ म्हणून, चुकीच्या पद्धतीने करायला लावायच्या. शेती ही सहलीत बघायची वस्तू आहे असे शेतकऱ्याच्याच मुलांना सांगितले जाते, आणि तेही आपण शिक्षक त्यांना रांगेत उभे करून सांगतो.

गाईच हव्यात असा आग्रहही समजत नाही. धाराशिव जिल्ह्याच्या नावाची शेळी आहे. जिल्ह्याचे नाव २०२३ साली बदलले, शेळी मात्र अजून ‘उस्मानाबादी’च आहे. बहुतांशी काळी, काटक, जुळी करडे देण्याबद्दल प्रसिद्ध. शेळीच्या कासेत खालची पोकळी मोठी असते, दुधाचा बराच मोठा भाग तिथे साठलेला असतो, त्यामुळे पान्ह्याची अडचण गाईइतकी येत नाही. दूध काढण्याचे प्रात्यक्षिकच करायचे तर शांत, माणसाळलेली शेळी घ्यावी आणि ते जाणत्या हातांनी दाखवावे. शेजारी गाय आणि वासरू असतील तर ‘दोघींत फरक का?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

किंवा दूध सोडूनच द्या. दात पाहा. शेळीला आणि गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे कठीण हिरडी असते. हे ऐकून शहरातले मूल विश्वास ठेवत नाही, स्वतः पाहिले की ठेवते. खाली आठ दात. शेळीचे पहिले दोन कायमचे दात साधारण सव्वा-दीड वर्षाच्या सुमारास येतात, पुढे वर्षाला एक जोडी या हिशेबाने चार जोड्या पूर्ण होतात. शर्यतीच्या बैलांची आदत, दुसा, चौसा ही वर्गवारी दातांचीच आहे. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो. अशा बाजारात बापाबरोबर गेलेले पोर दात, खूर, चाल, वशिंड पाहायला नकळत शिकत आले. तिथे ‘मुलांचा विभाग’ नव्हता. व्यवहार खरा होता आणि चूक झाली तर घराला तोटा होता.

कुंड्यांचा प्रकार तर मला सर्वांत जास्त खटकला. मुलाने मातीच्या कपात एक दाणा टोचायचा, वर पाणी शिंपडायचे, टाळ्या. बी उगवेपर्यंत मूल घरी पोहोचून चार दिवस झालेले असतात, आणि कप बसमध्येच कलंडलेला असतो. शेतीत जे मुख्य असते ते म्हणजे काळ, आणि तोच इथे गाळलेला. पाच मिनिटांत काय शिकवता येईल याचा विचार करण्याऐवजी पाच मिनिटांत शेती उरकली जाते.

अमेरिकेतली एक जुनी गोष्ट इथे आठवते. १९०२ साली ओहायो राज्यात ए. बी. ग्रॅहॅम या शिक्षकाने शाळेतल्या मुलामुलींचे शेतीमंडळ काढले. अशा मंडळांतून पुढे ‘फोर-एच’ नावाची मोठी चळवळ उभी राहिली. त्यात मूल एखादे वासरू किंवा कोकरू घेते, महिनोन्‌महिने ते सांभाळते, चारा-खर्च-वजनाची वही ठेवते आणि मग ते घेऊन जत्रेत येते. परीक्षक त्याला प्रश्न विचारतात. पुष्कळदा शेवटी जनावराचा लिलाव होतो आणि मुले रडतातही. ही पद्धत जशीच्या तशी आणावी असे मी म्हणणार नाही, त्या लिलावाबद्दल माझ्या मनात शंका आहेत. पण क्रम पाहा. तिथे प्रदर्शन शेवटी येते, आधी सहा महिन्यांचे काम असते. आपल्याकडे आधी काही नाही, नंतर काही नाही, मध्येच प्रदर्शन.

आणि इतके लांब जायचीही गरज नाही. १९३७ च्या वर्ध्याच्या परिषदेपासून नयी तालीम आपल्यासमोर आहे. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात शेती-पशुपालन हा चारांपैकी एक विभाग आहे, आणि त्यात मुले खऱ्या कामाचा खरा हिशेब मांडतात. जनावराचे वजन फितीने मापून काढणे, त्यावरून खुराक ठरवणे, खर्च लिहिणे अशा गोष्टी कुठल्याही प्रदर्शनात दहा मिनिटांत दाखवता येतील. त्यासाठी एक शिवणाची फीत पुरते.

एक गोष्ट मात्र चर्चेची नाही, ती तशीच सांगतो. त्या चौकोनातून बाहेर पडण्याच्या वाटेवर हात धुण्याची सोय नव्हती. पिण्याच्या पाण्याचा पिंप होता, शेजारी भेळेची गाडी होती, साबण नव्हता. निरोगी दिसणाऱ्या गाई-शेळ्यांच्या शेणात ई. कोलायचा ओ-१५७ हा घातक प्रकार असू शकतो, आणि लहान मुलांत त्याने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. २००४ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या जत्रेत जनावरांना हात लावण्याच्या विभागामुळे शंभराहून अधिक जण आजारी पडले. २००९ साली इंग्लंडमध्ये गॉडस्टोन येथील शेतावर तसेच झाले, ९३ जणांना लागण झाली, त्यांत बहुतेक लहान मुले होती. हात मळलेले असताना नुसते जंतुनाशक द्रव चोळून भागत नाही. वाहते पाणी आणि साबण लागतो, तोही खाण्याआधी. जनावरांच्या बाजूनेही धोका आहेच. २०२२ साली लम्पी त्वचारोगामुळे महाराष्ट्रात गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते. सहल नेण्याआधी आयोजकांना मी आता पहिला प्रश्न साबणाचाच विचारतो. दुसरा प्रश्न असा, की करडाला दिवसात किती वेळ माणसांपासून दूर, सावलीत बसायला मिळते? मुलांना घरच्या शेळीचे मिनिटाला किती श्वास पडतात ते मोजून नेऊ द्या आणि मांडवातल्या करडाचे मोजू द्या. उत्तर त्यांचे त्यांना मिळेल. आणि करडाला बिस्किटे चारणाऱ्यांना कुणीतरी थांबवा. पीठ-साखर जास्त झाली की रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात आम्ल वाढते, ते आजारी पडते.

बेंबळीला परतल्यावर मुलांची नाराजी लपत नव्हती. “तिथं आमालाच उभं करायला पायजे हुतं,” असे एकजण म्हणाला. ते गंमतीत नव्हते. पुढच्या वेळी चौकोनाच्या आतल्या बाजूला तीच मुले असावीत आणि पान्ह्याचा प्रश्न त्या सातवीतल्या मुलीने शहरातल्या मुलांना विचारावा, असे आयोजकांना पत्र लिहिले आहे. उत्तर अजून आलेले नाही.

तोवर आम्ही शाळेतच एक काम काढले. मुलांनी घरच्या सोयाबीनच्या पोत्यातले दाणे आणले. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग लागला होता. ज्या घरांना तेव्हा दुबार पेरणी करावी लागली, त्या घरांतली ही मुले. न निवडता मोजलेले १०० दाणे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी, वरून दुसरे ओले गोणपाट, गुंडाळी करून सावलीत. रोज पाणी शिंपडायचे. सहा-सात दिवसांनी उलगडायचे. सोयाबीनचे साल नाजूक असते, पोती आदळली, थप्पी उंच लावली तरी आतला अंकुर दुखावतो. प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते.

गुंडाळ्या उलगडल्या तेव्हा मोजणी बाजूलाच राहिली आणि भांडण सुरू झाले. काही मोड वाकडे होते, काहींना मूळच नव्हते, एकाची दले कुजलेली. ते धरायचे की सोडायचे? एक गट म्हणाला, फुटले ना, मग उगवले. दुसरा म्हणाला, ते मातीतून वर येणारच नाही. बीज परीक्षणाचा नियम दुसऱ्या गटाच्या बाजूचा आहे, विकृत रोप धरत नाहीत. मी तो लगेच सांगितला नाही. फळ्यावर एवढेच लिहिले: एकरी ३० किलो बियाणे हे ७० टक्के उगवणीसाठी. ६० च उगवले तर किती लागेल? गणित सुटले, ३५ किलो. मग त्या सातवीतल्या मुलीने पुन्हा गोणपाटावर वाकून वाकडे मोड एकेक करून बाजूला काढायला सुरुवात केली. तिच्या घरचे पोते होते ते.